बुटका फर वाढतो तरी किती?

रोपवाटिकेत कुंडीत बसलेला बुटका फर बघितला की मोह आवरत नाही. गुडघ्याएवढी उंची, हात फिरवावासा वाटेल अशी गच्च पालवी, बारा महिने हिरवा, शिशिरातही बोडका न होणारा. कुंडीत खोचलेल्या चिठ्ठीवर 'ड्वार्फ' लिहिलेलं असतं आणि खाली उंची दिलेली असते: एक मीटर. आपण तेवढ्यावर हिशेब मांडून मोकळे होतो. खिडकीखाली मीटरभर जागा आहे, बसलं झाड तिथे.

गफलत इथेच होते. चिठ्ठीवरचा तो आकडा बहुतेक वेळा झाडाच्या दहाव्या वर्षाचा असतो. अकराव्या वर्षी झाड वाढायचं थांबत नाही, विसाव्या वर्षीही नाही. सूचिपर्णी झाडांच्या बाबतीत 'ड्वार्फ' हा शब्द झाडाची शेवटची उंची सांगतच नाही. झाड दरवर्षी किती सरकतं, एवढंच तो सांगतो. सगळी बाग या एका गोष्टीवर आखावी लागते, म्हणून आधी तीच नीट समजून घेऊ.

अमेरिकन कोनिफर सोसायटी ही सूचिपर्णी झाडांच्या षौकिनांची संस्था. तिने या झाडांची चार गटांत वाटणी केली आहे आणि ती वर्षाच्या वाढीवरून केली आहे. वर्षाला अडीच सेंटीमीटरपेक्षा कमी वाढणारी ती मिनिएचर, म्हणजे चिमुकली. अडीच ते 15 सेंटीमीटर वाढणारी ड्वार्फ. 15 ते 30 वाढणारी मधली, आणि त्यापुढची मोठी. आता गंमत बघा. दोन रोपं आणली, दोन्ही 40 सेंटीमीटर उंचीची, दोघांच्याही चिठ्ठीवर 'ड्वार्फ'. एक वर्षाला 4 सेंटीमीटर वाढतं, दुसरं 12. दहा वर्षांनी पहिलं 80 सेंटीमीटरवर आहे, दुसरं 1 मीटर 60 वर. तीस वर्षांनी पहिलं 1 मीटर 60 वर आलेलं असेल आणि दुसरं 4 मीटरवर, म्हणजे खिडकी केव्हाच झाकून छपराकडे निघालेलं. चिठ्ठी दोघांच्याही बाबतीत खोटं बोललेली नाही.

आणि हे फक्त उंचीचं झालं. फर आडवाही पसरतो. काही वाण तर उंचीपेक्षा रुंदीतच जास्त जागा खातात. त्यामुळे भिंतीपासून किंवा पायवाटेपासून अंतर ठरवताना मी वीस-पंचवीस वर्षांचा घेर धरतो. सुरुवातीला जागा ओकीबोकी दिसते, ते मान्य. मधल्या काळात तिथे हंगामी फुलझाडं लावावीत, ती काढायला सोपी जातात.

फर कोणाला म्हणायचं

फर म्हणून ओळखलं जाणारं प्रत्येक झाड फर नसतं. डग्लस फरच्या नावात फर आहे, पण वनस्पतिशास्त्रात त्याची प्रजातीच वेगळी. खरे फर म्हणजे 'एबीस' या प्रजातीतली झाडं. त्यांच्या पन्नासेक जाती उत्तर गोलार्धातल्या थंड आणि डोंगराळ भागांत सापडतात, हिमालयातही आहेत. मूळ झाडं साधीसुधी नव्हेत. उत्तर अमेरिकेतला नोबल फर 70 मीटरपर्यंत जातो. कुंडीतल्या त्या गोंडस उशीचं घराणं हे असं आहे.

ओळखायची खूण सोपी आहे. एक सुई फांदीवरून अलगद ओढून काढा. फरची सुई चपटी असते. ती निघाल्यावर फांदीवर गोल, गुळगुळीत खूण उरते, जणू कुणी रबरी चकती चिकटवून काढली असावी. स्प्रूसची सुई चौकोनी असते, बोटांच्या चिमटीत गोल फिरवता येते. ती निघते तेव्हा फांदीवर लाकडाचा बारीक खुंट राहतो, म्हणून स्प्रूसची जुनी काडी हाताला कानशीसारखी लागते. पाइनच्या सुया तर जुडीनेच येतात, दोन, तीन किंवा पाच. शंकूंवरूनही पटकन कळतं: फरचे फांदीवर मेणबत्तीसारखे उभे राहतात, स्प्रूसचे खाली लोंबतात. फरचा शंकू पिकल्यावर आख्खा खाली पडतही नाही. त्याचे खवले फांदीवरच एकेक करून गळतात आणि मधला दांडा काट्यासारखा उभा राहतो. म्हणून झाडाखालून फरचा अख्खा शंकू उचलून आणला असं कोणी म्हणालं, तर तो बहुधा स्प्रूसचा असतो.

फरच्या आणखी एका गोष्टीचा मला मोह आहे. बाल्सम फरच्या कोवळ्या सालीवर फोड असतात, नखाने दाबले की स्वच्छ राळ बाहेर येते. हीच 'कॅनडा बाल्सम'. वाळल्यावर ती प्रकाशाला जवळपास काचेइतकीच वळवते, म्हणून भिंगं एकमेकांना चिकटवायला आणि सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या कायमच्या बंद करायला ती पिढ्यान्पिढ्या वापरली गेली. बागकामाशी याचा संबंध नाही, पण कधी फोड फुटून बोटांना वास लागला तर आठवेल.

वर्षाची वाढ आधीच ठरलेली असते

आता बुटकेपणा नेमका कुठे असतो ते बघू.

हिवाळ्यात फरच्या फांदीचं टोक जवळून न्याहाळा. तिथे दोन-तीन टपोरे डोळे दिसतील, बऱ्याच जातींत राळेने माखलेले. पुढच्या वसंतात त्या टोकावर जेवढ्या सुया येणार, त्या अतिसूक्ष्म रूपात या डोळ्यात आधीच रचून ठेवलेल्या असतात. गेल्या उन्हाळ्याच्या उत्तरार्धात आणि शरदात झाडाने हे काम उरकलेलं असतं. वसंतात डोळा फुटतो, घडी घातलेली छत्री उघडावी तशी नवी फूट काही आठवड्यांत लांबते, आणि त्या वर्षाची वाढ संपते. गुलाब किंवा जास्वंदीसारखं हंगामभर फुटत राहणं फरला जमत नाही.

बुटक्या वाणात त्या डोळ्यात सुया कमी रचल्या जातात, किंवा दोन सुयांमधलं अंतर कमी राहतं, आणि शेंड्याची बाजूच्या डोळ्यांवरची हुकमत ढिली पडते. शेंडा पुढे पळत नाही, बाजूचे डोळे भराभर जागे होतात. त्यातून ती गच्च उशी तयार होते.

यातून दोन कामाच्या गोष्टी निघतात. पहिली पाण्याची. उन्हाळा सरताना झाड तहानलेलं राहिलं, तर त्याचा फटका त्या वर्षी दिसतच नाही. झाड हिरवंगार उभं असतं. पुढच्या वसंतात फूट आखूड येते आणि आपण त्या वसंतातली चूक शोधत बसतो. म्हणून फरला उन्हाळ्याच्या शेवटी आणि पानगळीच्या सुरुवातीला दिलेलं पाणी मी सगळ्यांत मोलाचं धरतो.

दुसरी गोष्ट विकत घेतानाची. एका वर्षाची वाढ जिथे संपते तिथे फांदीवर बारीक कड्यासारखी खूण राहते आणि बहुधा तिथूनच बाजूच्या फांद्या फुटलेल्या असतात. शेंड्यापासून मागे येत तीन वर्षं मोजा, पट्टी लावा. 5, 6, 5 सेंटीमीटर आलं, तर झाडाने स्वतःच आपला वेग सांगितला. चिठ्ठीपेक्षा माझा या पट्टीवर जास्त विश्वास आहे. फक्त एवढं लक्षात ठेवायचं की नुकत्याच केलेल्या कलमाची वाढ सुरुवातीला रेंगाळते, आणि रोपवाटिकेत खताच्या आधारावर वाढवलेलं रोप जरा फुगलेला आकडा दाखवतं.

चेटकिणीचा झाडू

इतके बुटके वाण आले कुठून? बरेचसे आभाळातून आले, असं म्हटलं तर फारसं चूक नाही. जंगलातल्या एखाद्या उंच, नेहमीसारख्या फरवर मध्येच एका फांदीला काड्यांचा गच्च गोळा दिसतो, जणू कुणी घरटं बांधलंय. युरोपात जुन्या काळी लोक त्याला चेटकिणीचा झाडू म्हणत; जर्मनमध्ये आजही तोच शब्द आहे. काही झाडू रोगामुळे होतात. फरवरची एक तांबेरा बुरशी असे गोळे करते, त्यांचा बागेला उपयोग नाही. पण काही वेळा एकाच डोळ्यात जनुकीय बदल झालेला असतो आणि त्या एका डोळ्यातून निघालेला सगळा फाटा बुटका होतो. तिथली काडी काढून साध्या फरच्या खुंटावर कलम केली की बुटकेपणा कायम राहतो. हे झाडू फार उंचावर असतात म्हणून काही संग्राहक ती काडी चक्क बंदुकीने पाडतात.

या जन्मकथेचा थेट परिणाम आपल्या बागेतल्या झाडावर होतो. बुटका फर हा जवळजवळ नेहमी कलम असतो, कारण फरच्या काडीला नुसतं जमिनीत खोचून मुळं आणणं जिकिरीचं, आणि बियांतून आईसारखंच पिल्लू निघेल याची हमी नाही. कलम म्हणजे खाली एक झाड, वर दुसरं. वरचं रूप सुंदर असलं तरी मातीशी, पाण्याशी आणि मूळकुजीशी झुंजायचं ते खालच्याने. जपानचा मोमी फर दिसायला फार देखणा नाही, पण उष्णता आणि जड माती त्याला इतर फरपेक्षा बरी सोसते, म्हणून उबदार भागांसाठी त्याचा खुंट मुद्दाम वापरतात. रोप घेताना खुंट कोणता हे विचारा. उत्तर मिळालं नाही तरी विचारल्याने काही बिघडत नाही.

कलमकाडी बाजूच्या फांदीवरून घेतलेली असेल तर आणखी एक गंमत होते. त्या काडीला आपण फांदी होतो हे आठवत राहतं. नवीन खुंटावर बसूनही ती वर न जाता आडवी वाढते, कधी अनेक वर्षं. असं आडवं झाड अचानक एखाद्या वसंतात एक सरळ शेंडा उभा करतं. पसरट रूप हवं असेल तर तो शेंडा लहान असतानाच मुळापासून काढावा. उभं झाड हवं असेल तर त्याला काठीचा आधार द्यावा आणि धीर धरावा.

कधी बुटका वाण मूळ स्वभावावरही जातो. गच्च उशीतून एक फांदी वीतभर लांब, विरळ सुयांची, उर्मट अशी बाहेर येते. ती दिसल्या दिसल्या बुडातून काढायची. तिला राहू दिलं तर झाडाचं अन्न ती ओढते आणि काही वर्षांत उशीच्या जागी साधा फर उभा राहतो.

कोणता घ्यावा

माझं मत विचाराल तर पहिला फर कोरियन घ्यावा. दक्षिण कोरियाच्या डोंगरांतला, जेजू बेटावरच्या हाल्लासान पर्वताच्या माथ्याकडचा हा रहिवासी. फ्रेंच मिशनऱ्यांनी त्याचे नमुने आधीच गोळा केले होते, पण स्वतंत्र जाती म्हणून 1920 साली त्याचं वर्णन केलं ते वनस्पतिशोधक अर्नेस्ट हेन्री विल्सन यांनी. त्याची खासियत म्हणजे शंकू. इतर फरना शंकू येतात ते उंच शेंड्यावर, जमिनीवरून नीट दिसतही नाहीत. कोरियन फर माणसाएवढा व्हायच्या आधीच शंकू धरतो, जांभळ्या-निळ्या रंगाचे, बोटभर लांबीचे, राळेचे थेंब अंगावर घेतलेले. पाहुण्यांचा हात आधी तिकडेच जातो. तोडू देऊ नका. हात राळेने बरबटतात आणि शंकू बहुतेक वेळा खवल्याखवल्याने सुटून येतो.

एक विसंगती सांगायला हवी. बागांमध्ये जगभर पसरलेलं हे झाड स्वतःच्या डोंगरावर संकटात आहे. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत ते 'धोक्यात' या वर्गात आहे. हाल्लासानवर वाळून पांढरी पडलेली झाडं दिसतात, आणि वाढतं तापमान व कमी झालेला बर्फ हे त्याचं मोठं कारण मानलं जातं. बागेतले बुटके वाण एकाच काडीच्या नकला असतात, त्यामुळे बागेत फर लावला म्हणून जंगलातला फर वाचला असं होत नाही.

कोरियन फरच्या सुईच्या पोटावर पांढरे पट्टे असतात. हा रंग नव्हे, मेण आहे. सुईची श्वासरंध्रं या पट्ट्यांत असतात आणि मेणाचा थर पाणी उडून जाण्याला आळा घालतो. 'सिल्बरलॉके' या जर्मन वाणात सुया वर वळतात, त्यामुळे पोटाची चांदी वर येते आणि झाड पहाटेच्या दहिवरात भिजल्यासारखं दिसतं. सिल्बरलॉके सावकाश वाढतो, पण त्याला बुटका म्हणणं धाडसाचं आहे, वर्षांनुवर्षांत तो काही मीटर जातो. खरोखर बुटका हवा असेल तर त्याच्याच अंगावर सापडलेल्या झाडूतून आलेला 'कोहौट्स आइसब्रेकर' बघा. वर्षाला मोजके सेंटीमीटर, गोल, चांदीच्या चुऱ्यासारखा.

कडाक्याची थंडी असेल तर बाल्सम फरचा 'नाना' घ्या. त्याचे पूर्वज कॅनडाच्या उत्तरेकडच्या जंगलात उणे 40 अंशही सोसतात. काळपट हिरवी बसकी उशी, सुगंध अप्रतिम. निळसर रंग हवा तर कॉर्कबार्क फरचा 'कॉम्पॅक्टा', तो रुंद शंकूच्या आकारात वाढतो. नॉर्डमन फरचा 'गोल्डन स्प्रेडर' हिवाळ्यात सोनेरी होतो, पण दुपारच्या रखरखीत उन्हात त्याच्या सुया भाजतात, त्याला थोडी सावली लागते.

सगळ्यांत आधी हवामान

हे सगळं वाचून हुरूप आला असेल, पण इथे एक कडू गोष्ट. फरला हिवाळा लागतो. थोडा गारवा पुरत नाही. कित्येक आठवड्यांची खरी थंडी लागते. डोळ्यात रचलेली ती वाढ झोपेत असते आणि पुरेशी थंडी मिळाल्याशिवाय तिची झोप नीट मोडत नाही. उबदार हिवाळ्यात डोळे अर्धवट, मागेपुढे फुटतात. दुसरी अडचण उष्ण रात्रींची. दिवसा कमावलेली साखर झाड रात्री श्वसनात खर्च करतं. रात्र जितकी गरम तितका खर्च जास्त. रात्री तापलेल्याच राहिल्या की जमेपेक्षा खर्च वाढतो आणि झाड हळूहळू दुबळं होतं. मुळांनाही थंड माती आवडते.

तेव्हा जिथे हिवाळ्यात पाणी गोठत नाही आणि उन्हाळ्यात रात्रीही घाम येतो, तिथे फर लावू नये, असं स्पष्टच सांगतो. अशा हवेत त्या आकाराची हौस मोरपंखी किंवा अरोकेरिया भागवतील. समशीतोष्ण प्रदेशाच्या उबदार टोकाला राहत असाल, तर सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा शोधा. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीलगतची जागा टाळा, भिंत तापून रात्रभर धग देत राहते. उतारावरच्या बागेत तळाचा खोलगट भागही नको: वसंतातल्या उशिराच्या थंड रात्री गार हवा तिथे साचते आणि नुकती उघडलेली कोवळी फूट एका रात्रीत काळी पडते. झाड मरत नाही, पण आपण वर बघितलं तसं त्या फांद्यांचं वर्ष वाया जातं.

लावताना

फर मरतो तो बहुतेकदा पाण्याच्या अभावापेक्षा साचलेल्या पाण्याने. चिखलात राहणारी 'फायटोप्थोरा' ही बुरशीसारखी सूक्ष्म जीवजात मुळं कुजवते. एकदा लागली की घरगुती बागेत तिच्यावर खात्रीचा इलाज नाही. म्हणून लावायच्या आदल्या दिवशी निचऱ्याची परीक्षा घ्या. हातभर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या, मग पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तासाला दोन-तीन सेंटीमीटर तरी उतरलं पाहिजे. सकाळी खड्ड्यात कालचं पाणी चमकत असेल तर जागा बदला, किंवा जमिनीवर मातीचा उंचवटा करून त्यावर झाड लावा.

चिकणमातीत एक चूक हमखास होते. लोक प्रेमाने खड्डा खणतात, त्यात कंपोस्ट आणि हलकी माती भरतात. भोवतालची माती घट्ट, आतली भुसभुशीत, म्हणजे आपण झाडासाठी एक वाडगा तयार केला. पावसाचं पाणी त्यात उतरतं आणि बसून राहतं. त्यापेक्षा खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण गोळ्याहून खोल नाही, असा खणावा आणि निघालेली तीच माती परत भरावी. कंपोस्ट घालायचं तर वरून, आच्छादनासारखं.

कुंडीतून काढल्यावर मुळं बघा. गोळ्याभोवती गोल गोल फिरलेली मुळं तशीच लावली तर ती पुढे जाड होऊन बुंध्याचाच गळा आवळतात. त्यांना सोडवा, न सुटणारी कापा. गोळा गोणपाटात आणि तारेत बांधलेला असेल तर निदान वरचा भाग तरी काढून टाका. बुंधा जिथे रुंदावून मुळांकडे वळतो ती जागा मातीच्या वर दिसली पाहिजे. कलमाची गाठ पुरू नका. मातीचा सामू (पीएच) 5 ते साडेसहा असा आम्लधर्मी असला की फर खूश. चुनखडीच्या जमिनीत सुया पिवळ्या पडतात.

वरून पाच-सात सेंटीमीटर आच्छादन द्या, सालीचे तुकडे किंवा पाइनच्या सुया. बुंध्याला मात्र ते टेकू देऊ नका. खताची घाई करू नये. पहिलं वर्ष तर अजिबात नाही. नत्राच्या जोरावर बुटका फर लांबलचक फुटतो, आणि ज्या गच्चपणासाठी तो आणला तोच जातो.

पहिली दोन-तीन वर्षं पाणी कमी वेळा पण खोलवर. रोज शिंपडलेलं पाणी वरच्या चार बोटांत राहतं आणि मुळंही तिथेच रेंगाळतात. कुंडीत वाढवायचा असेल तर एक लक्षात ठेवा: मुळं फांद्यांइतकी थंडी सोसत नाहीत. जमिनीत ती मातीच्या उबेत असतात, कुंडीत चारही बाजूंनी उघडी. त्यामुळे कुंडीसाठी तुमच्या हवेला लागतो त्यापेक्षा कणखर वाण निवडावा.

पिवळेपणा, कात्री आणि तेल

शरदात झाडाच्या आतल्या सुया पिवळ्या पडून गळायला लागल्या की नवखा माणूस घाबरतो. सदाहरित म्हणजे सुई अमर नव्हे. फरची सुई बरीच वर्षं टिकते, मग गळते, आणि ती नेहमी आतली, जुनी असते. टोकाची नवी फूट पिवळी पडली तर मात्र काळजी: आधी मुळांशी पाणी साचलंय का बघा. हिवाळा सरताना वाऱ्याच्या बाजूच्या सुया तपकिरी झाल्या तर ती तहान आहे. जमीन गोठलेली, मुळांना पाणी ओढता येत नाही, आणि वर ऊन-वारा सुयांतलं पाणी नेतोय. अशा फांद्या लगेच छाटू नका. सुया गेल्या तरी डोळे पुष्कळदा जिवंत असतात, वसंतात कळेल.

छाटणीचा नियम एकच, पण कडक. जिथे हिरव्या सुया आहेत तिथपर्यंतच कात्री न्यायची. बोडक्या जुन्या लाकडात कापलं तर फर तिथून सहसा पुन्हा फुटत नाही, भोक कायमचं राहतं. आकार आवरायचा असेल तर नवी फूट कोवळी असताना तिचा निम्मा भाग खुडावा. त्या खालच्या डोळ्यांतून पुढच्या वर्षी दाट फूट येते. दोन शेंडे झाले तर एक काढावा. याउपर बुटक्या फरला कात्री लागत नाही, आणि दरवर्षी लागत असेल तर जागा चुकली आहे.

किडींमध्ये कोळी, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे माइट, सगळ्यांत चिवट. सुया धुळकट, निस्तेज दिसायला लागल्या की फांदीखाली पांढरा कागद धरा आणि फांदीवर टिचकी मारा. कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले तर कोळी. सूचिपर्णी झाडांवरचा नेहमीचा कोळी थंड दिवसांतला आहे, भर उन्हाळ्यात तो शांत असतो. तेव्हा ही परीक्षा वसंतात आणि शरदात घ्यायची. थोडे असतील तर पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. बुंध्यावर पांढरे कापसासारखे पुंजके दिसले तर दुर्लक्ष करू नका. युरोपातून उत्तर अमेरिकेत गेलेल्या अशाच एका लोकरी किडीने दक्षिण ॲपलेशियन डोंगरातली फ्रेझर फरची जंगलं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उजाड केली.

किडींवर बागायती तेल सर्रास सुचवलं जातं, आणि मी स्वतः एकदा निळ्या फरवर ते फवारून बसलो. कीड गेली, निळाईही गेली. निळा रंग हा सुईवरच्या मेणाचा असतो आणि तेल ते मेण विरघळवतं. फवारा पोहोचला तिथे झाड साधं हिरवं झालं, उरलेलं निळं राहिलं, आणि त्या सुया गळेपर्यंत कित्येक वर्षं तो डाग दिसत राहिला. चांदीच्या सुयांच्या वाणांनाही हाच धोका.

आणि जागा चुकलीच असेल तर? झाड लहान असेल, लावून चार-पाच वर्षं झाली असतील, तर हलवता येतं. आदल्या वर्षी फावड्याने घेराभोवती मुळं कापून ठेवायची म्हणजे गोळ्याजवळ नवी बारीक मुळं येतात, आणि मग पुढच्या वसंतात डोळे फुगायच्या आधी मोठ्या गोळ्यासकट उचलायचं. झाड मोठं झालं असेल तर शेंडा कापू नका, फर त्यातून कुरूप होतो. त्याऐवजी खालच्या फांद्या एका वर्षी दोन-तीन अशा बुंध्यापासून काढत जा. खिडकीतून आता झाड नाही, त्याचा राखाडी बुंधा दिसेल, आणि खाली सावलीत नेचे लावायला जागा होईल.